उपाशी म्हणजे उपास नव्हे

राजापेठ, अमरावती
बुधवार, ७ मे

तीर्थरूप माणिकताईच्या पायांवर (ते सुजले आहेत असं भाऊजींकडून कळलं, म्हणून जरा जपूनच) धाकट्या रविकांतचं डोकं.

पुढे वाचण्याआधी एवढं कर. देव्हाऱ्याशेजारच्या जुन्या कुंकवाच्या डबीत ज्या पिवळ्या गोळ्या ठेवल्या आहेस, त्यातली आजची गोळी हे पत्र संपेपर्यंत घेऊ नको. पत्र मी मुद्दाम लांब लिहितो आहे. वाचायला तुला अर्धा तास लागला, तर तेवढा अर्धा तास ती गोळी डबीत राहील, पोटात जाणार नाही. आणि सत्तावीस वर्षांच्या वकिलीत मी माझ्या पाल्हाळाचा याहून चांगला उपयोग केल्याचं मला आठवत नाही. चष्मा सापडत नसेल तर सावकाश शोध. मधे चहा ठेव. घाई कसलीच नाही.

भाऊजींचं कानातलं यंत्र नवं आलं का? (जुन्याची शिटी आम्हाला फोनवर इथपर्यंत ऐकू यायची.) अकोल्याचा पारा काय म्हणतो? इथे काल दुपारी आमच्या गल्लीतली कुत्री पाण्याच्या टाकीखाली ओळीने झोपली होती, आणि तरीही पेपरात अकोला आमच्या एक अंश पुढे होतं. त्या एका अंशावर आम्ही अमरावतीकर फार मोठेपणा करतो, जणू तो आमच्या सुसंस्कृतपणामुळे कमी झाला आहे. आम्ही सगळे मजेत आहोत. मजेत कसे आहोत, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

हे फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. परवा मी तोच प्रयत्न केला. पण तुझा फोन स्पीकरवर असतो, भाऊजी पलीकडून माझं प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणतात, मदतीला आलेली मैनाबाई कुरडयांचा चीक घोटता घोटता त्यावर आपलं मत देते, आणि या दोघांच्या मधून तू एकच वाक्य सात वेळा म्हणालीस: "काहून रे रव्या, दवाखान्यात होता अन् मले सांगतलं नाई?" नाही सांगितलं, ताई. चुकलं. तीन दिवसांसाठी तुला बसमध्ये बसवून आणायची नव्हती, म्हणून 'जरा पोट बिघडलं आहे' एवढंच कळवलं. ते खोटं नव्हतं. न्यायालयात याला मोघम जबाब म्हणतात. आता सविस्तर जबाब देतो.

सुरुवात डिसेंबरात झाली, परतवाड्याच्या त्या लग्नात. (तू आली नव्हतीस. भाजीत मीठ नव्हतं, एवढं सोडून तू काही गमावलं नाहीस.) माझा उजवा गुडघा दिवाळीपासूनच कुरकुरत होता. कोर्टाच्या जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत आणि त्या प्रत्येकीची माझ्या गुडघ्याशी वैयक्तिक ओळख आहे. मांडवात मी खुर्ची पकडून बसलो होतो, तेव्हा नवरदेवाच्या मामांनी खिशातून कात्रीने कापलेला एक चौकोनी तुकडा काढला आणि त्यातली पिवळी गोळी विड्याच्या सुपारीसारखी माझ्या तळहातावर ठेवली. औषधाचं नाव कात्रीने अर्धं गेलं होतं. मामांनाही ते माहीत नव्हतं. त्यांना कोणा साडूने दिली होती, साडूला कोणा मास्तरने. ताई, आपल्या वऱ्हाडात माणूस अनोळख्याकडून पाणी पिताना एकदा विचार करील, पण गोळी कोणाचीही घेईल. अर्ध्या तासात माझा गुडघा गप्प झाला. वरातीत मी नाचलो. त्याचं चित्रीकरण अवनीने करून ठेवलं आहे आणि बापाकडून काहीही हवं असलं की ती ते बाहेर काढते.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन मी आपल्या अब्दुल सत्तारच्या मेडिकलात गेलो. सत्तारभाईला तू ओळखतेस, कोपऱ्यावरचं दुकान, आईचं इन्सुलिन त्यांच्याच फ्रिजमधून यायचं. त्यांनी तुकडा उजेडात धरला, गोळी ओळखली, आणि गोळ्यांचा पत्ता हातात देताना म्हणाले, "वकीलसाब, पाच दिन. खाना खाके. और बीपी की गोली चालू है तो पहले डॉक्टर को पूछके." मी हो म्हणालो. साक्षीदार शपथ घेताना जसा हो म्हणतो, तसा. त्या तीन वाक्यांतलं मला 'खाना' एवढंच ऐकू आलं, कारण तेव्हा एक वाजला होता.

पाच दिवसांचे दहा झाले. दहाव्या दिवशी सत्तारभाईंनी चिठ्ठी मागितली. मला राग आला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्याला चिठ्ठी मागायची! मी ताठ मानेने दुकानातून बाहेर पडलो आणि गावातली दुसरी चार दुकानं लावून घेतली, आठवड्याला एक, म्हणजे कोणाच्याच डोळ्यांवर यायला नको. (आता मागे वळून पाहताना कळतं की ज्या माणसाला आपली गोळी चार दुकानांत वाटून घ्यावी लागते, त्याला आतून सगळं माहीत असतं.) 'जेवून घ्यायची' या अटीचा अर्थही मी वकिली पद्धतीने लावला. जेवण म्हणजे काय? कायद्यात व्याख्या नाही. चहा आणि एक टोस्ट हे जेवण आहे काय? टोस्ट बुडवून खाल्ला तर माझ्या मते आहे. जानेवारीपर्यंत टोस्टही गळाला आणि नुसता चहा उरला. शिवाय डोकं दुखलं की त्याची वेगळी गोळी, ती लाल. पिवळी गुडघ्याची, लाल डोक्याची, दोघींचा एकमेकींशी काय संबंध? संबंध सख्ख्या जावांचा निघाला, पण ते पुढे येईल.

मला बरं वाटत होतं ताई, हे मान्य करायला हवं. इतकं बरं, की मला ते वाटून टाकावंसं वाटायला लागलं. आमचे नत्थुजी (माझे कारकून, हेच पत्र घेऊन आले आहेत, त्यांना पाणी दिलंस ना?) कमरेने बेजार होते, त्यांना दिली. ग्रंथपालबाईंना दिली. एका खटल्यात विरुद्ध बाजूच्या वकिलाची मान धरली होती, त्यांनाही दिली, आणि त्यांनी ताज्या मानेने उलटतपासणी घेऊन माझा साक्षीदार सोलून काढला. बाररूममध्ये मला लोक 'पिवळे वकील' म्हणायला लागले आणि मी ते बिरुद म्हणून मिरवलं. मग संक्रांत आली. रागिणीने वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. तुझ्या वाटीत तिने तिळगूळ घातला आणि मी, तिच्या नकळत, खाली चार पत्ते घातले, आणि पुढेही संपतील तसे पाठवत राहिलो. बायका सौभाग्याचं वाण देतात. मी जठराच्या व्रणाचं दिलं.

आता मुख्य प्रसंग. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हिवरखेडला बांधाच्या वादात मोका पाहणीला जायचं होतं. दोन भाऊ, मधे एक धुरा, धुऱ्यावर एक बाभूळ, आणि बाभूळ कोणाची यावर अकरा वर्षं. उन्हात अडीच तास उभं राहायचं म्हणून मी निघतानाच दोन पिवळ्या घेतल्या, डोकं ठणकेल म्हणून वरून एक लाल. पाणी प्यायलो नाही, कारण त्या शेतात आडोसा ती एकच बाभूळ होती आणि ती वादग्रस्त मालमत्ता होती. संध्याकाळी घरी आलो तर बुटातून पाय निघेना. अवनी आणि रागिणी एकेका बुटाला लागल्या. पाय बाहेर आले ते कणीक मळून ठेवल्यासारखे. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि खड्डा तसाच राहायचा. मी म्हटलं, प्रवासाने झालं. दुसऱ्या दिवसापासून पोटात जाळ. मी म्हटलं, हिवरखेडच्या ठेच्याने झालं. मग सकाळी संडासला काळं व्हायला लागलं, डांबरासारखं. (ताई, हे लिहिताना मलाही संकोच होतो, पण तू आईची शुश्रूषा केलेली बाई आहेस आणि हे वाक्य पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून पुन्हा लिहितो: काळं, डांबरासारखं.) त्यालाही माझ्याकडे कारण होतं. वांग्याच्या भाजीतला काळा मसाला. बघ, प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक आरोपी तयार होता, आणि खरा आरोपी माझ्याच वरच्या खिशात, रुमालाखाली, बसला होता.

मंगळवारी कोर्टात उलटतपासणी चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे आधी न्यायाधीशांचं टेबल गेलं, मग न्यायाधीश गेले. हाताला जो कठडा लागला तो धरून मी बसलो. डोळे उघडले तेव्हा मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होतो आणि माझा साक्षीदार बाहेर उभा राहून मला वारा घालत होता. न्यायाधीशांनी पाणी मागवलं आणि तारीख दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी न मागता तारीख मिळाली. नत्थुजी धावत आले, माझा चेहरा पाहिला, आणि मोठ्या मायेने सदऱ्याच्या खिशातून एक पिवळी गोळी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या सायेब. तुमचीच हाये."

मी घेणार होतो, ताई. हात पुढे केला होता. पण तोंडाला कोरड होती आणि पाणी सांडून गेलं होतं, म्हणून म्हटलं घरी जाता जाता घेऊ. नत्थुजी रिक्षातून घेऊन निघाले. राजापेठेत सत्तारभाईंच्या दुकानापाशी रिक्षा थांबवली, कारण मला गॅसची गोळी हवी होती. चार महिन्यांनी त्या पायरीवर चढत होतो. मी गॅसची मागितली, त्यांनी माझ्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाब, वो पीली वाली अब तक चालू है?" मी म्हटलं, कधीकधी. "संडास काला हो रहा क्या?" भर राजापेठेत, ट्यूशनला निघालेल्या पंधरा-वीस पोरांच्या देखत हा प्रश्न, आणि तोही त्यांच्या त्या अजान देण्याजोग्या आवाजात. मी मान हलवली. पुढे त्यांनी मला काही विचारलंच नाही. शटर अर्धं ओढलं, गल्ल्यावर मुलीला, मिस्बाहला बसवलं, आणि माझ्या रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसले. वाटेत फक्त एकदा बोलले, "दुसरी दुकान से ली ना? मैं समझ गया था. बुरा नहीं लगा, डर लगा."

दवाखान्यात डॉक्टर अश्लेषा होत्या. वयाने आपल्या अवनीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, आवाज मऊ, आणि उलटतपासणी अशी की मी त्यांना आमच्या बारमध्ये यायचं आमंत्रण देणार होतो. कोणती गोळी? पिवळी. पिवळ्या गोळ्या पाचशे आहेत. किती दिवस? अधूनमधून. अधूनमधून म्हणजे दिवसाआड की दिवसातून दोनदा? मी आयुष्यभर साक्षीदारांना पढवत आलो की आठवत नाही म्हणावं. मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी शांतपणे माझा कोट उलटा केला आणि खिशांतून सहा रिकामे पत्ते टेबलावर मांडले. दोन लाल, चार पिवळे. मग बी.पी.ची गोळी कोणती, ते विचारलं. तिच्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. गेली सहा वर्षं मी ती घेतो आहे.

दुर्बीण घातली. (त्याचं वर्णन करत नाही. सरकारी वकिलाच्या तोंडीसुद्धा मी हे जाऊ देणार नाही.) जठरात व्रण, त्यातून रक्त. रक्त शरीरातलं कमी झालेलं. किडनीचा आकडा, तो क्रिएटिनिन म्हणतात तो, असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि त्यांनी समजावलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगतो. सुजलेल्या सांध्यात दुखणं पेटवणारा एक पदार्थ शरीर तयार करतं. ही गोळी त्याला हद्दपार करते, म्हणून दुखणं थांबतं. पण त्याच घराण्यातला एक भाऊ पोटाच्या अस्तरावर चौकीदार असतो, आणि दुसरा किडनीत पाटाचं पाणी सोडायच्या कामावर असतो, रक्त पुरेसं पोचतं की नाही ते बघत. गोळीला माणसं ओळखता येत नाहीत. ती आडनाव वाचते आणि सगळ्या घराण्याला गावाबाहेर काढते. मग पोटातलं आम्ल अस्तर खायला मोकळं, आणि किडनी ऐन उन्हाळ्यात कोरडी. त्यात बी.पी.ची गोळी आपल्या बाजूने पाणी खेचते आहे, त्यात मी बाभळीखाली तहानलेला. पाय सुजतात ते मीठ-पाणी अंगात साचून राहतं म्हणून. बी.पी. वाढतं ते त्याचमुळे. आणि लाल गोळी ही पिवळीचीच जाऊ. दोघी मिळून फायदा एकीएवढाच करतात, नुकसान मात्र दोघींचं. सोबत गॅसची गोळी घेतली की झालं, हा माझा शेवटचा बचावाचा मुद्दा होता. त्या म्हणाल्या, ती पोटाला थोडं सांभाळेल, किडनीला तिचा काही उपयोग नाही.

तीन दिवस राहिलो. दोन बाटल्या रक्त चढलं. एकीतलं आमच्या विरुद्ध बाजूच्या वकिलाचं होतं, त्यामुळे घरी आल्यापासून मी माझ्याच मुद्द्यांवर हरकत घेतो, असं रागिणी म्हणते. भेटायला आलेल्या अकरा जणांपैकी सात जणांनी निघताना हळूच विचारलं, की ती पिवळी आता तुम्हाला नको असेल तर. मी एकेकाला हात जोडून इथल्या सगळ्या परत मागवल्या. नत्थुजींनी त्यांच्या तेरा आणून दिल्या आणि म्हणाले की कंबर तर पहिल्याच आठवड्यात बरी झाली होती, पण सायबानं दिलेली गोळी थांबवायची कशी, म्हणून घेत राहिलो. असा माझा अधिकार, ताई. त्यांचं रक्त तपासून घेतलं, ठीक आहे.

आता मी गच्चीवर उताणा पडून गुडघ्याखाली ठेवलेली उशी दाबतो आणि दहापर्यंत मोजतो, असं रोज तीस वेळा. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो म्हणे, आणि खरंच होतो आहे. दुखण्यावरचं मलम वरून चोळतो, गरम पाण्याची पिशवी ठेवतो, फारच दुखलं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली तापाची साधी गोळी, तीही मोजून. रागिणी तिखटाशिवाय भाज्या करते आणि त्यात तिला सूड घेतल्यासारखा आनंद होतो. वजन चार किलो उतरलं. बत्तीस पायऱ्या मी आता दोन दमांत चढतो आणि मधल्या वळणावर उभा राहून लोकांना पाणी प्यायला सांगतो. एकूण मी सुखात आहे.

म्हणजे परवापर्यंत होतो. परवा तुझा फोन आला, माझी हजेरी घेऊन झाली, आणि मी आपलं सहज विचारलं, की ताई, तू त्या गोळ्या जेवून घेतेस ना? तू म्हणालीस, "मी त् तू सांगतलं तशीच घेते. उपासाले घेतच नाई. दुसऱ्या दिवशी पायटीच, आंघोळीच्या आधी, दोन घेऊन टाकते." मी पुन्हा विचारलं. तू जरा चिडलीस. तूच तर म्हणाला होता, उपाशी घेऊ नको म्हणून!

ताई, आठव. संक्रांतीला फोनवर तुला मी हेच शब्द बोललो होतो: उपाशी घेऊ नको. ज्या बाईला सोमवार आहे, गुरुवार आहे, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या आणि गेल्या वर्षीपासून शनिवारही आहे, तिच्यापुढे 'उपाशी' हा शब्द मी ठेवला आणि अर्थ सांगितला नाही. तू तो अगदी निष्ठेने पाळलास. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू असं पोट तुडुंब भरलेलं असताना तू गोळी घेतली नाहीस, कारण तू उपाशी होतीस. आणि मंगळवारी पहाटे पाच वाजता, आंघोळीआधी, पोटात पाण्याचा थेंब नसताना दोन घेतल्यास, कारण उपास नव्हता. साडेतीन महिने. इतक्या काटेकोरपणे पाळलेला आदेश मी माझ्या वकिलीत पाहिला नाही. लोकांच्या करारात एक स्वल्पविराम चुकला तर मी त्यांना कोर्टात उभं करतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला दिलेल्या तीन शब्दांच्या मसुद्यात मी ही फट ठेवली. मसुदा माझा, चूक माझी. तुझी यात काही चूक नाही, हे मी लेखी देतो.

पण आता ऐक. तुझे पाय सुजले आहेत, ते कुरडयांना बसल्याने सुजलेले नाहीत. बी.पी. वाढलं म्हणून तुमच्या डॉक्टरांनी गोळी अर्ध्याची एक केली, त्यांना तू ही पिवळी सांगितली होतीस का? नसणार. ती तुझ्या लेखी औषध नाहीच, ते भावाने दिलेलं वाण आहे. तू म्हणालीस, गोळी सोडली तर खाली बसता येणार नाही, आणि खाली बसता आलं नाही तर आठ घरांच्या कुरडया कोण घालेल. ताई, त्या आठांतलं एक घर माझं आहे आणि मी माझी मागणी मागे घेतो. बाकीच्या सात घरांना मी स्वतः फोन करतो. सोऱ्या मैनाबाईच्या हातात दे, तू पाटावर नाही, खुर्चीवर बस, आणि तिच्या प्रत्येक कुरडईला नावं ठेव. ते काम तू बसून, उभी राहून, झोपूनही करू शकतेस.

भाऊजींना साष्टांग. त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवू नको, मधला डांबराचा भाग मैनाबाईला ऐकू जाईल. प्रकृतीला जप. पाणी पी.

तुझा,
रविकांत

ता. क. आता खरं काम लिहितो. वर एवढा शहाणपणा केला, पण मंगळवारी माझी पुन्हा रक्ततपासणी आहे आणि मला भीती वाटते. रागिणीच्या शाळेत त्या दिवशी निकालाचं काम आहे, अवनी पुण्याला. मला एकट्याला त्या बाकावर बसवणार नाही. तू सोमवारी दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला उतर, मी घ्यायला येतो. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. माझ्यासाठी ये. लहानपणी देवीच्या लशीला तू माझा हात धरून नेलं होतंस, तसंच समज.

ता. क. २. येताना तुझ्या सगळ्या गोळ्या, बी.पी.च्याही, जुन्या रिपोर्टांसकट पिशवीत घालून आण. काही विशेष नाही. आमच्या डॉक्टरांना गोळ्यांचे रंग बघायची आवड आहे.

ता. क. ३. सा. न. वि. वि., ताई, मी रागिणी. पाकीट चिकटवायला म्हणून हे पत्र माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. यांची दुसरी तपासणी गेल्या शनिवारीच झाली, आकडा जवळपास जागेवर आला आहे. मंगळवारी शाळेला सुट्टी आहे आणि अवनी आत्ता माझ्यासमोर आंबा खाते आहे. मंगळवारचा नंबर तुमच्या नावाचा आहे. दवाखान्यातल्या मुलीने पेशंटचं वय विचारलं, तेव्हा यांनी 'चौसष्ट' म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. तुम्हाला फसवून आणलेलं मला आवडणार नाही, म्हणून लिहिलं. गोळी मात्र आजपासूनच बंद.

ता. क. ४. रागिणीने वर काय लिहिलं ते आत्ता पाहिलं. साक्षीदार ऐन वेळी फितूर झाला, माझ्याकडे आता एकही मुद्दा उरला नाही. तरी ये.